टाकीवर मावेल असं नाव

दार कुरकुरलं नव्हतं. त्याच्या हे लक्षात आलं ते कंपनीच्या बसमध्ये, तिसऱ्या थांब्यानंतर, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन तो नुकताच खिडकीशी रेलला होता तेव्हा. सकाळी सहाला मागच्या खोलीचं दार उघडलं होतं, मुलगी पाणी प्यायला बाहेर आली होती, एक हात कमरेवर ठेवून त्याच्याकडे बघून झोपेतच हसली होती, आत गेली होती, दार लोटून घेतलं होतं. आणि एवढ्या सगळ्यात दारानं चकार शब्द काढला नव्हता. अकरा वर्षं ते दार कुरकुरत होतं. साधं कुरकुरत नव्हतं, आधी बारीक कण्हायचं, मग मधेच दम खायचं आणि शेवटी एखादी जुनी तक्रार आठवल्यासारखं मोठ्यानं बोलायचं. पाहुणे मुक्कामाला आले की त्यांना आधी सूचना द्यावी लागायची. बायको म्हणायची, घरात सासू नाही, ती उणीव हे दार भरून काढतं. आणि आज दार गप्प. दार गप्प बसलं म्हणजे त्याला कोणीतरी तेल घातलं. तेल घातलं म्हणजे घरात तेल होतं. आता घरात तेल असणं ही काही पोलिसात कळवायची गोष्ट नव्हे, कोणाच्याही घरात असतं. पण त्याच्या मनात पाल चुकचुकली आणि रेललेली पाठ त्यानं सरळ केली. शेजारी बसलेल्या वजनकाट्यावरच्या माणसानं विचारलं, "काय जपूनसाहेब, थांबा चुकला का?" तो म्हणाला, "नाही, दार." त्या माणसानं बसच्या दाराकडे बघितलं. ते नीट बंद होतं.

जपूनसाहेब हे त्याचं कारखान्यातलं नाव. आठ वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतून उचलून त्याला सुरक्षा अधिकारी केलं, तेव्हापासून तो जिन्यावर, शिडीखाली, मिक्सरच्या तोंडाशी, जेवणाच्या रांगेत, जिथे माणूस दिसेल तिथे 'जपून' म्हणायचा. एकदा तर मॅनेजरच्या केबिनमध्ये मॅनेजर खुर्चीत नुसते बसत होते आणि याच्या तोंडून 'जपून' निघून गेलं. नाव त्या दिवशी पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. त्याला ते मनातून आवडायचं. डोळ्यांत तेल घालून राखण करणारा माणूस अशी स्वतःची एक तसबीर त्यानं मनात टांगून ठेवली होती. आणि आता बस पुलावर चढत असताना त्या तसबिरीचा खिळा हलायला लागला, कारण त्याला ती बाटली आठवली. तपकिरी काचेची, खोकल्याच्या औषधाची, तळहातात मावणारी. अकरा वर्षांपूर्वी दार नुकतं कण्हायला लागलं होतं तेव्हा त्यानं ती घरून धुऊन आणली होती, नमुन्याच्या नळाखाली धरली होती आणि भरून खिशात घालून घरी नेली होती. त्यानंच. दुसऱ्या कोणी नेली असती तर आज त्याच्यासाठी किती बरं झालं असतं.

कारखान्यात मऊ प्लॅस्टिक व्हायचं. बागेच्या नळ्या, गमबूट, रेनकोटाचं कापड. मूळ माल म्हणजे पांढरी भुकटी, स्वभावानं कडक. नुसती तापवून दाबली तर जे होईल ते काचेच्या बांगडीइतकंच वाकेल. तिला मऊ करायला जो द्रव लागतो तो दोन उंच टाक्यांमध्ये असायचा. रंग नाही, वास जवळजवळ नाही, जरासा दाट, बोटाला लागला तर गुळगुळीत. त्याचं खरं नाव कागदावर एक ओळ घ्यायचं आणि पुढच्या ओळीत पाय पसरायचं. सत्तावीस वर्षांपूर्वी, तो प्रयोगशाळेत नवीन मदतनीस म्हणून लागला त्या महिन्यात, टाक्यांना रंग लावायचं काम चाललं होतं. पेंटर शिडीवरून ओरडला होता, "साहेब, हे एवढं नाव टाकीवर मावत नाही. छोटं काहीतरी सांगा." त्याला तोवर कोणी साहेब म्हटलं नव्हतं. त्या आनंदातच तो म्हणाला होता, "तेल लिही." पेंटरनं लिहिलं. तेल १, तेल २. वळणदार अक्षर होतं, खाली एक बारीक रेघही मारली होती. त्या दिवसापासून सगळा कारखाना त्याला तेल म्हणायला लागला. तेल आलं, तेल संपलं, तेलाचा पंप, तेलवाली पाळी. आणि एकदा तेल म्हटलं की माणूस तेलाशी वागतो तसंच त्याच्याशी वागायला लागतो. हाताला लागलं तर हातावर चोळून टाकतो. कुलूप अडलं, दोन थेंब सोडतो. रिकामा डबा दिसला तर 'तेलाचाच तर होता' म्हणून विसळून घरी नेतो. सुरक्षा अधिकारी झाल्यावर त्यानं आठ वर्षं या सवयीशी कुस्ती केली. बारा पानांचं सुरक्षा पत्रक साध्या भाषेत लिहून काढलं, भिंतीवर लावलं. लोकांनी त्याच्या खिळ्याला टोप्या अडकवल्या. रोग कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. रोग टाकीवर दोन अक्षरांत लिहिलेला होता, आणि तो त्यानंच सांगितला होता. हे मात्र त्यानं कधी कोणाला बोलून दाखवलं नाही.

बस सिग्नलला थांबली. त्यानं बायकोला फोन लावला. वाजत राहिला. बायको शिवणकाम करायची, कपडे लहानमोठे करून द्यायची, आणि काम करताना फोन मशीनच्या खणात आवाज बंद करून ठेवायची. फोन दचकवतो आणि टीप वाकडी जाते, असं तिचं म्हणणं. मशीनचा खण. बाटली दाराचं काम झाल्यावर कुठे ठेवली होती? त्या खणातच, रिळांच्या मागे. दाराचं कामही झालं नव्हतं म्हणा. तो द्रव वंगण नव्हेच. चार दिवस दार सुतासारखं सरळ वागलं, मग बिजागरीत धूळ बसून दुप्पट कण्हायला लागलं, वर बिजागरीभोवतीचा रंग मऊ पडून चिकट झाला. तो डाग अजून तिथे आहे, बोट लावलं तर अजूनही ठसा उमटतो. तेल गेलं, तूप गेलं आणि हाती धुपाटणं आलं तसा प्रकार. तेव्हा तो हसला होता, बाटली खणात टाकली होती आणि विसरला होता. मधल्या काळात मशीनला तेल कुठलं घातलं जात होतं? या महिन्यात मशीनवर काय शिवलं जातंय ते तर तो रोज बघत होता. वीतभर झबली, बंदाची, मऊ कापडाची. जावई कामासाठी दोन महिने परगावी होता म्हणून मुलगी राहायला आली होती, सातवा महिना, घरभर त्या झबल्यांच्या घड्या. आणि तेवढ्यात त्याला काल संध्याकाळचं आठवलं. तो पेपर वाचत होता. आतून मुलीचा आवाज आला होता, "आई, पाय बघ कसे सुजलेत." आणि बायकोचा, "थांब, तेल आणते." यानं पेपरचं पान उलटलं होतं.

थांब, तेल आणते. दिवसभर मग ते तीन शब्द त्याच्या मागे मागे हिंडले. कारखान्याच्या फाटकातून आत जाताना, हजेरी लावताना, टोपी घालताना. तो घाबरट नव्हता, आणि मुख्य म्हणजे अडाणी नव्हता. हे काही जहर नव्हे हे त्याला पाठ होतं. अंगाला एकदा लागल्यानं कोणाला काही होत नाही, साबणानं धुवायचं की झालं. तापलेल्या मिक्सरवर वाकायचं नाही, कारण वाफ नाकात जाते. सांडलं तर पाणी ओतायचं नाही, वाळू टाकायची, नाहीतर सगळी पाळी घसरगुंडी खेळते. हातमोजे घालायचे, जेवणाआधी हात धुवायचे, गटारात जाऊ द्यायचं नाही, डबे घरी न्यायचे नाहीत. हे सगळं तो झोपेतसुद्धा म्हणायचा. पण सातव्या पानावर एक ओळ होती. थोडं थोडं, वरचेवर, बरेच दिवस अंगात जात राहिलं तर पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. ती ओळ लिहिताना त्यानं 'अपाय' शब्दासाठी अर्धा तास घेतला होता. 'इजा' लिहिलं, खोडलं, 'त्रास' लिहिलं, खोडलं. तेव्हा ते बाळ कोणाचंच नव्हतं. नुसता शब्द होता. आज त्या बाळाला त्याच्या घरात खोली होती, बारा झबली होती आणि रोज संध्याकाळी ते आपल्या आईला आतून ढुशा मारायचं. काल त्यानं पोटावर हात ठेवून बघितलं तर त्याच्याही हाताला एक बसली होती. तो खुशीनं इतका वेडा झाला होता की चुकून त्या पोटालाच 'जपून' म्हणाला होता.

मिक्सरच्या मजल्यावर नेहमीचा कोमट वास होता. नव्या रेनकोटाचा. लहान असताना मुलगी तो संध्याकाळी घरी आला की कमरेला मिठी मारायची, शर्टात नाक खुपसायची आणि म्हणायची, "बाबा, तुला नव्या बाहुलीचा वास येतो." तो सुखानं फुगायचा. इतर मुलांच्या बापांना घामाचा वास येत असणार, आपल्याला नव्या बाहुलीचा येतो. कारखान्यातले कपडे कारखान्यात बदलून घरी जायचं, हा नियम त्यानंच पुढे आठ वर्षांपूर्वी केला. तोवर तिचं नाक शर्टापर्यंत खाली यायचं राहिलं होतं, उंच झाली होती. आणखी एक आठवण त्याच वासाला धरून आली. ती तिसरीत असेल. कंपासपेटी घेऊन रडवेली होऊन आली होती. सुट्टीभर पेटी बंद होती आणि आत खोडरबर पट्टीला चिकटून बसला होता, असा की ओढून काढला तर पट्टीवर खड्डा. तिला वाटलं, कोणीतरी मुद्दाम केलं. त्यानं तिला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, कोणी केलं नाही गं. खोडरबरात जो मऊपणा घातलेला असतो ना, तो आपण घातला तिथे बसून राहत नाही. हळूहळू बाहेर येतो आणि शेजारी जो असेल त्याच्यात शिरतो. तिनं डोळे पुसून विचारलं होतं, "का? त्याला कंटाळा येतो?" तो म्हणाला होता, "त्याला घट्ट कोणी धरून ठेवलेलं नसतं म्हणून." केवढा शहाणा बाप वाटला होता तो स्वतःला. मऊपणा पळतो हे मुलीला समजावलं, आणि वर्षानुवर्षं तोच शर्टातून घरी नेला, वर बाटलीतून नेला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं बायको कधी कधी म्हणायची. पण ते तो चहाचा कप सिंकमध्ये ठेवत नसे त्याबद्दल.

दहा वाजता मुलीनं फोन उचलला. आवाजावरून ती आत्ता उठली होती आणि अत्यंत मजेत होती. "आई कुठाय?" "बाहेर गेलीय, बटणं आणायला. काय झालं?" "काही नाही. काल पायाला तेल लावलं का?" "लावलं की. काय सुंदर झोप लागली." "कुठलं तेल?" "तेल, बाबा. तेल म्हणजे तेल." तो पंपाशेजारी उभा होता. समोर टाकीवर, सत्तावीस वर्षांत तीनदा नव्यानं रंगवलेलं पण तेच वळण राखलेलं ते नाव त्याचंच उत्तर त्याला वाचून दाखवत होतं. "कुठल्या बाटलीतलं?" त्यानं विचारलं. "छोटीशी होती. मी डोळे मिटून पडले होते." "दाराला काय घातलं?" "कुठल्या दाराला?" "तुझ्या खोलीच्या." ती एकदम हसायला लागली. "आलं का तुझ्या लक्षात? आई म्हणाली, लक्षात यायला आठवडा लागेल." "काय घातलं?" "ते आल्यावर सांगते, गंमत आहे." "अगं, गंमत नाही. असं कर, पाय साबणानं स्वच्छ धुऊन टाक." "बाबा," ती म्हणाली, "माझा हात पायापर्यंत पोचत नाही रे. दोन महिने झाले, मी माझे पाय बघितलेले नाहीत. आहेत ना जागेवर?" आणि आपल्याच विनोदावर खळखळून हसत तिनं फोन ठेवला. ती हसली की तोही हसायचा, ही जन्माची सवय. आताही तो हसला, आणि पंपाजवळून जाणाऱ्या दोघांना वाटलं, साहेब आज खुशीत आहेत.

अकराला प्रशिक्षण होतं. दर तीन महिन्यांनी असायचं, कँटीनमध्ये, टेबलं भिंतीला सरकवून. साठ माणसं. मागच्या खुर्चीवर मॅनेजर, हातात फाईल. पहिल्या रांगेत मिक्सरचे काका, पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे, प्रत्येक प्रशिक्षणात तिसऱ्या मिनिटाला झोपायचे. त्यांच्या शेजारी पॅकिंगची मावशी, जिला सगळेच मावशी म्हणायचे आणि जी प्रश्न विचारायची. त्यानं पडद्यावर चित्रं दाखवायला सुरुवात केली. डबे, हातमोजे, वाळूची बादली. सहाव्या चित्रात एक तपकिरी बाटली होती, तिच्यावर लाल फुली. ते चित्र त्यानं स्वतः शंभर चित्रांमधून निवडलं होतं. का निवडलं होतं ते त्याला आत्ता कळलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "बिनलेबलची बाटली," तो वाचायला लागला, "म्हणजे कोणी भरली, कशानं भरली, कोणालाच माहीत नाही..." पुढचं वाक्य जिभेवर आलंच नाही. मिक्सरचे काका झोपेतून जागे झाले, कारण शांतता झाली. मावशीनं हात वर केला. "साहेब, एक विचारू? तुम्ही नेलं का कधी घरी?" तिनं खवचटपणे विचारलं नव्हतं. ती सगळंच असं विचारायची, डबा आणलात का, लेक कशी आहे, तसं. 'नाही' म्हणायला दोन अक्षरं पुरली असती. मॅनेजरांनी फाईलमधून मान वर केली. त्याला वाटलं, आठ वर्षं आपण या माणसांना जपून म्हणत आलो, त्यांच्यासमोर आता आपण घसरलो तर वाळू कोण टाकणार. आणि तो म्हणाला, "नेलं."

मग एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबता येईना. बाटली सांगितली, दार सांगितलं, चिकट डाग सांगितला. काल संध्याकाळचे तीन शब्द सांगितले, मुलीचा सातवा महिना सांगितला, फोनवर तिनं 'तेल म्हणजे तेल' म्हटलं ते सांगितलं. शेवटी टाकीवर तेल लिहायला कोणी सांगितलं तेही सांगितलं. कोणी हसलं नाही. मग मिक्सरचे काका खुर्चीतच पुढे सरकले आणि म्हणाले, "साहेब, मी टाचांना लावतो." "काय?" "हे तेल. भेगा पडतात ना. म्हटलं, कडक प्लॅस्टिक मऊ करतं, माझ्या टाचा काय चीज आहेत." "किती वर्षं?" "झाली की वीस." "मऊ झाल्या का?" मावशीनं विचारलं. काकांनी विचार केला. "नाही," ते म्हणाले, "पण चप्पल मऊ झाली. बोट घातलं तर आत जातं." आणि मग कँटीन जे हसायला लागलं ते थांबेना, आणि हसता हसताच एकेकाचा हात वर यायला लागला. दोघांनी सायकलच्या साखळीला घातलं होतं. एकाच्या गच्चीवर कारखान्यातून नेलेला तेलाचा निळा डबा होता, त्यात प्यायचं पाणी. हे ऐकून हसणं आपोआप कमी झालं. त्याची बायको त्यातलंच पाणी पीत होती, धाकटा दीड वर्षाचा होता. "उद्या आणतो डबा," तो म्हणाला. "आजच," मावशी म्हणाली, "जेवणाच्या सुट्टीत जा. मी तुझं पॅकिंग बघते." आठ वर्षांत कोणी ऐकलं नव्हतं ते पंधरा मिनिटांत ऐकलं गेलं होतं. त्यासाठी बारा पानं लिहायची गरज नव्हती, एकदा चारचौघांत पडायची होती, एवढंच.

मॅनेजर उठून पुढे आले. आता आपल्याला परत प्रयोगशाळेत धाडणार असं वाटून त्यानं चष्मा पुसायला घेतला. मॅनेजर म्हणाले, "उद्या पेंटरला बोलावतो. टाकीवरचं नाव बदला." आणि जरा थांबून, "पण छोटं हवं. मावलं पाहिजे." खरं नाव तर मावतच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे नाव शोधायला बसले. कोणी म्हणालं 'मऊकर', कोणी म्हणालं 'चिकटराव'. काकांनी 'जावई' सुचवलं, दिसायला गुळगुळीत आणि घरात शिरला की निघत नाही म्हणून. त्यांना तीन जावई होते. 'विष' लिहा, एक जण म्हणाला. ते त्यानं मोडून काढलं, कारण विष म्हटलं की लोक पहिल्या दिवशी घाबरतात, आठवडाभर कोणी मरत नाही आणि मग 'तेल'पेक्षा जास्त बेफिकीर होतात. खोटी भीती घालायची नव्हती. खरं आणि छोटं, दोन्ही एकदम मिळेना. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली आणि कँटीनमधला फळा कोराच राहिला. परतीच्या बसमध्ये मात्र तो पुन्हा एकटा झाला. बायकोनं फोन अजून उचलला नव्हता. घराचा जिना तो एरवी पायऱ्या मोजत चढायचा, आज दोन दोन चढला, आणि तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत स्वतःलाच 'जपून' म्हणाला.

बायको मशीनवर होती. मुलगी पलंगावर उशीला टेकून, पसरलेले पाय लोडावर ठेवून बसली होती. तो चपला न काढताच म्हणाला, "ती बाटली कुठाय?" बायकोनं टीप पूर्ण केली, दोरा दातानं तोडला आणि मग वर बघितलं. "कुठली?" "तपकिरी. मी कारखान्यातून आणलेली. खणातली." "ती होय," बायको म्हणाली. ती उठली, स्टूल ओढलं. तो सवयीनं 'जपून' म्हणाला, ती सवयीनं 'हो' म्हणाली. कपाटाच्या माथ्यावरून तिनं बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. डब्यात पिशवी, पिशवीत जाड फडकं, फडक्यात बाटली. बुचावरून दोरा आवळून बांधलेला. आणि बाटलीवर, शिवणकामात कापडाला लावायची असते तसली पांढरी पट्टी चिकटवलेली, तिच्यावर बायकोचं उंच उंच वेलांट्यांचं अक्षर: हे तेल नाही.

त्यानं ते दोनदा वाचलं. तो मुलीच्या पायाशी पलंगावर बसला. "हे कधी लिहिलंस?" "तुम्ही सुरक्षेवर गेलात ना, त्या आठवड्यात," बायको म्हणाली. "रोज जेवण झालं की तुमची ती पानं मोठ्यानं वाचायचात. कोणासमोर? माझ्यासमोर. मी काय भिंत होते? सातवं पान झालं त्या दिवशी खणातून बाटली काढली. मशीनला कधीच घातलं नव्हतं मी ते, मशीनचं तेल वेगळं असतं." "मग टाकून का नाही दिलंस?" "कुठे टाकू? मोरीत ओतायचं नाही म्हणालात, कचऱ्यात टाकायचं नाही म्हणालात. कुठे टाकायचं ते त्या पानावर आलं तेव्हा तुम्हाला झोप आली. तिथपासून आठ वर्षं वाट बघतेय." तो म्हणाला, "मला सांगायचं तरी." बायकोनं बाटली पुन्हा फडक्यात गुंडाळली. "तुम्ही इतके खूश होतात त्या कामावर," ती म्हणाली. "म्हटलं, आपली बाटली काढून कशाला खट्टू करायचं. मी लिहून ठेवलं, काम झालं." त्यानं तिचा हात धरला, आणि मुलीसमोर धरला म्हणून बायकोनं तो सोडवून घेतला, पण लगेच नाही.

"काल पायाला?" त्यानं तरीही विचारलं. बायकोनं पलंगाखालून एक बाटली काढून समोर धरली. दुकानातली, लेबलाची, वर तिळाचं चित्र. मुलगी केव्हाची हसू दाबून बसली होती. "आणि दार?" तो म्हणाला. तिनं उशीखालून एक मेणबत्तीचा तुकडा काढला. बिजागरीवर घासला होता, परवा. "बाबा, मी हल्ली रात्रीत चार वेळा उठते," ती म्हणाली. "दर वेळी ते दार ओरडायचं आणि पलीकडे तू जागा व्हायचास. आई म्हणाली, तुला सकाळची बस असते. म्हणून." तो दाराकडे बघत राहिला. सकाळपासून ज्या शांततेनं त्याच्या मागे भुंगा लावला होता, ती त्याच्या झोपेसाठी केलेली होती. तो उठला, दाराजवळ गेला, उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. काही ऐकू आलं नाही. बिजागरीजवळच्या जुन्या चिकट डागावर त्यानं बोट टेकवलं, ठसा उमटला, मग मोरीत जाऊन साबणानं हात धुतला. मागून बायको म्हणाली, "चपला काढा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर शिडीला टेकून उभा होता. आधीच्या पेंटरचा मुलगा, आता स्वतःच पन्नाशीला आलेला, बापाचंच वळण. खाली जमिनीवर काल सुट्टीत आलेला निळा डबा होता, दोन सायकलींच्या साखळ्या पुसलेली फडकी होती आणि मिक्सरच्या काकांनी आणून टाकलेली चप्पल होती. त्यानं हातमोजे घालून घरून आणलेली तपकिरी बाटली टाकाऊ मालाच्या पिंपात ठेवली. त्याआधी पट्टी मात्र हलक्या हातानं सोडवून घेतली होती. "काय लिहायचं साहेब?" पेंटर म्हणाला. "एकच सांगतो, लांब नाव मावत नाही हं. माझे वडील सांगायचे." त्यानं पट्टी पुढे केली. "असंच लिही. वेलांटी अशीच उंच." पेंटरनं पट्टी दूर धरून वाचली, मनात अक्षरं मोजली, टाकीकडे बघितलं. "मावतंय," तो म्हणाला, आणि लाल रंगाचा डबा उघडायला वाकला. मग मधेच थांबला, पट्टी पुन्हा वाचली आणि डोकं खाजवत विचारलं, "पण साहेब, हे तेल नाही, तर मग हे आहे तरी काय?"

आठ वर्षांत हा प्रश्न त्याला कोणीही विचारला नव्हता. त्यानं टोपी काढली, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला आणि पेंटरलाही बसायला जागा करून दिली. "सांगतो," तो म्हणाला, "तुझ्या पोरांच्या कंपासपेटीत कधी खोडरबर पट्टीला चिकटलेला बघितलायस का?"